कानस आणि क्रमांक : बारामती-इंदापूर भागातील किल्लीकामाचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा आर्थिक इतिहास आजवर मुख्यतः पाण्याच्या अंगाने लिहिला गेला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कऱ्हा, नीरा व भीमा या नद्या, नीरेचा डावा कालवा, त्या कालव्यावर पोसलेला ऊस आणि त्या उसावर उभे राहिलेले साखर कारखाने यांनीच या भागाचे रूप पालटले. मात्र पाण्यामागून पैसा आला, पैशामागून वाहने आली आणि या दोहोंच्या राखणीसाठी कुलूप-किल्लीचे जे काम इथे चालत आले, त्याची दखल स्थानिक इतिहासात क्वचितच घेतली जाते. मोटारीची तुटलेली किल्ली सांधणे, किंवा ती सांधण्यापलीकडे गेली असेल तर नवी घडवणे, हे त्या कामाचे आजचे रूप होय. त्याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, या धंद्याला खरे वळण मोटारीने दिले नाही. किल्लीचे रहस्य तिच्या आकारात होते तोवर गावचा लोहार, फिरता शिकलगार आणि गॅरेजशेजारी बसणारा चावीवाला हे एकाच परंपरेतले कारागीर होते. ती परंपरा दुभंगली ती किल्लीत आकाराच्या जोडीला क्रमांक शिरला तेव्हा, म्हणजे अगदी अलीकडे.

अव्वल इंग्रजीच्या आधीच्या काळात घराची राखण प्रामुख्याने कुलपावर अवलंबून नव्हती. वाड्याचा थोरला दरवाजा आतून अडसराने बंद होई. अडसर म्हणजे दरवाजाच्या दोन्ही अंगांच्या भिंतींत ठेवलेल्या कोनाड्यांतून सरकणारा जाड चौकोनी वासा. रोजच्या येण्याजाण्यासाठी थोरल्या दरवाजातच लहानशी दिंडी ठेवलेली असे, तिला कडी-कोयंडा असे, आणि कुलूप लागे ते बाहेरून, म्हणजे घर सोडून जातानाच. इंदापूरच्या मालोजीराजांच्या गढीसारख्या वास्तूंत संरक्षणाचा भार मातीच्या रुंद भिंतींवर, बुरुजांवर आणि पहाऱ्यावर होता. कुलूप लागे ते कोठीला, पेटाऱ्याला आणि तिजोरीच्या खोलीला. त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला चांदीच्या छल्ल्यात अडकवलेला असे, आणि सासूने तो सुनेच्या हाती देणे म्हणजे घरचा कारभार देणे असा त्याचा सरळ अर्थ होता.

ही जुनी कुलपे मुख्यतः दोन तऱ्हांची होती. पहिल्या तऱ्हेत कडीच्या दांड्यावर पोलादी पात्या बसवलेल्या असत. दांडा कुलपात ढकलला की त्या आत जाऊन फाकत आणि दांडा मागे येऊ देत नसत, आणि किल्ली म्हणजे त्या पात्यांवरून सरकून त्यांना पुन्हा चेपणारी खाचेची लोखंडी पट्टी. दुसरी तऱ्हा फिरकीच्या कुलपाची. तिच्यात किल्लीच्या टोकाला आटे असत आणि ती कुलपाच्या पोटात स्क्रूसारखी फिरवत नेली की आतला खटका ओढला जाई. दोन्ही प्रकारांत कुलूप आणि किल्ली एकाच लोहाराच्या भट्टीत, एकाच बैठकीत घडत असल्याने किल्ली तुटली तर ती त्याच्याकडेच परत जाई. लोहार हा बलुतेदार होता. शेतीची अवजारे दुरुस्त करण्याबद्दल त्याला सुगीत धान्याचा वाटा मिळे, आणि नांगराच्या फाळापुढे किल्ली ही अगदीच किरकोळ बाब होती.

बारामतीत मात्र कुलपाला याहून अधिक वजन होते, कारण हे सावकारांचे गाव होते. बाबूजी नाईक जोशी यांचे बारामतीकर घराणे पेशवाईतील मातब्बर पेढीवाले. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई याच घराण्यात आबाजी नाईकांना दिलेली होती, आणि पहिल्या बाजीरावांच्या मोहिमांना या घराण्याचा पैसा लागलेला होता. १७४० साली बाजीरावांचा मृत्यू झाल्यावर बाबूजी नाईकांनी येणे वसुलीचा तगादा तर लावलाच, पण रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने खुद्द पेशवेपदावरच हक्क सांगितला, यावरून त्या तिजोरीचे बळ ध्यानात यावे. कऱ्हेच्या काठचा नाईकांचा वाडा आजही उभा आहे. याच घराण्याच्या आश्रयाने कवी मोरोपंत बारामतीत राहिले आणि १७९४ साली तिथेच वारले. अशा घरांत आणि सरकारी जामदारखान्यात, म्हणजे मौल्यवान वस्त्रे व जवाहीर ठेवण्याच्या खात्यात, नुसत्या कुलपावर कोणी विसंबत नसे. कुलूप लावून त्यावर लाखेची मोहोर करण्याची पद्धत होती, आणि तिच्यामागचा विचार चोख होता : कुलूप चोराला अडवते, पण ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला अडवते ती मोहोर. चोरापेक्षा किल्ली बाळगणाऱ्याचीच धास्ती अधिक, हे सूत्र या धंद्याच्या इतिहासात पुढे पुन्हा पुन्हा भेटते.

सावकाराच्या पेटीत केवळ नाणे नव्हते, कागदही होता, आणि एकोणिसाव्या शतकात कागद नाण्याहून भारी झाला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील, आणि आज बारामती तालुक्यात असलेल्या, सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. तिथून हा उठाव इंदापुरासह पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांच्या अनेक भागांत पसरला व इतिहासात तो दख्खनचे दंगे म्हणून नोंदला गेला. जमावाचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि खतांवर. जिथे सावकाराने ती मुकाट्याने काढून दिली तिथे मारहाण फारशी झाली नाही, हे चौकशी करणाऱ्या आयोगाच्याही नजरेस आले. पेटीचे कुलूप निकामी करण्याचा हा या परिसरातला सर्वांत मोठा प्रसंग, आणि त्यात कोणाला कुलूपविद्या लागली नाही. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी सहाय्यता कायद्याने शेतकऱ्यांच्या खतांची नोंद ग्रामनोंदणी अधिकाऱ्यापुढे करण्याची तरतूद केली. व्यवहाराचा एक पुरावा सावकाराच्या पेटीबाहेर, सरकारी दप्तरात राहू लागला. पेटी फोडून किंवा पेटी दडवून व्यवहार फिरवता येईल, हे दिवस त्यामुळे सरत चालले.

इंग्रजी अमलात तालुक्याच्या कचेरीतला खजिना दुहेरी कुलपाखाली ठेवण्याची शिस्त आली. दुहेरी कुलूप म्हणजे एकाच दाराला भिन्न किल्ल्यांची दोन कुलपे. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे, म्हणजे दोघे हजर झाल्याखेरीज दार उघडत नाही. जादा किल्ल्यांचा संच लखोट्यात मोहोरबंद करून दुसरीकडे सांभाळायला देण्याची रीतही याच शिस्तीचा भाग होती, आणि बँकांच्या शाखांत ती आजतागायत पाळली जाते. पेशवाईतल्या लाखेच्या मोहोरेने जे साधले जाई तेच इथे दोन माणसांच्या परस्पर पहाऱ्याने साधले गेले. या व्यवस्थेत दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे स्थान मोठे नाजूक झाले. कारण ज्याला बिघडलेले कुलूप उघडता येते त्याला धडधाकट कुलूपही उघडता येते, आणि सरकारला हे ठाऊक असते.

नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांतल्या कोरडवाहू पट्ट्यात ऊस आला. याच सुमारास कुलपाचे कारखाने उभे राहत होते. अलीगढात १८७० साली स्थापन झालेली जॉन्सन अँड कंपनी आधी इंग्लंडातून कुलपे आणून विकत असे, मग तिथे बनवूही लागली. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईच्या लालबागेत कुलपांचे काम सुरू केले. ही कुलपे लिव्हरची होती. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ साली पेटंट घेतलेल्या या रचनेत खटका अडवून धरणाऱ्या पितळी पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचा प्रत्येक दात आपापला लिव्हर नेमक्या उंचीवर उचलतो, तसूभर कमी नाही की जास्त नाही, तेव्हाच खटका सरकायला वाट मिळते. बॅरनच्या आधीच्या कुलपात पट्टी नुसती वर उचलली की काम होई. जास्त उचलली तरीही दार बंदच राहील, ही त्याची खरी भर. गावकऱ्याच्या दृष्टीने मात्र यातला मोठा बदल निराळाच होता. कुलूप आता बाजारातून दोन किल्ल्यांसह विकत येई, ते करणारा शेकडो मैलांवर असे आणि किल्ली तुटली तर त्याच्याकडे जाण्याची सोय नसे. किल्ली करणारा आणि कुलूप करणारा ही दोन माणसे झाली, आणि स्वतंत्र चावीवाल्याचा धंदा जन्मला तो या फटीतून.

ही फट ज्यांनी भरून काढली त्यांत शिकलगारांचा वाटा मोठा आहे. तलवारी, कट्यारी आणि भाल्यांची पाती घासून त्यांना धार व झिलई देणे हे शिकलगारांचे मूळ काम. फौजांच्या मागून फिरणे त्यात ओघानेच येई. पश्चिम महाराष्ट्रात शिकलगार हे आडनाव लावणारी मुस्लिम कुटुंबे जुनी आहेत, आणि शीख परंपरेतल्या शिकलीगरांच्या वस्त्याही राज्यात अनेक ठिकाणी आहेत. संस्थानी फौजा मोडल्या, १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगण्यावर परवान्याचे बंधन आले, आणि पाते घासणारे हात विळा, अडकित्ता, कात्री, सुरी यांच्याकडे वळले. त्यांच्यापैकी अनेकांनी कुलूप-किल्लीचे काम धरले. हे स्थित्यंतर वरवर वाटते तितके दूरचे नाही, कारण कानशीवर हात बसलेला असणे, धातूचा मऊपणा-कठीणपणा नुसत्या आवाजावरून समजणे आणि किंचित कमी घासून पुन्हा पाहण्याचा धीर असणे, एवढीच किल्लीकामाची पुंजी असते. आठवडे बाजारात सायकलच्या दांडीला किल्ल्यांच्या माळा लटकवून बसणारा कारागीर हा शस्त्रघराचा वारस आहे, याची जाणीव गिऱ्हाइकाला सहसा नसते.

मोटार या भागात आली ती साखरेच्या मागोमाग. इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात ऊसशेती व साखर कारखान्याभोवती जी वसाहत उभारली, तीच पुढे वालचंदनगर म्हणून प्रसिद्ध झाली. याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर काढली. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जोडून याच कंपनीने जी छोटी गाडी बनवली, ती पद्मिनी या नावाने मुंबईच्या टॅक्सीतळांवर आणि तालुक्याच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात दोन पिढ्या उभी राहिली. इंदापूरच्या माळरानाचा आणि भारतीय मोटारीचा संबंध असा एका माणसातून जुळतो.

परंतु मोटारीची किल्ली ही मोटारीहून वयाने लहान आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सुरुवातीच्या गाड्या समोरून हँडल मारून चालू होत. पुढे चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला तरी तो दाबायचे बटण वेगळेच असे आणि किल्लीचे काम प्रज्वलनाचा, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या मंडलाचा, रस्ता खुला करण्यापुरते राही. एकाच किल्लीने आधी वीज जोडायची आणि तशीच पुढे फिरवून इंजिन चालू करायचे, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी तऱ्हा क्रायस्लरने १९४९ च्या गाड्यांत रूढ केली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या पहिल्या गाड्यांना किल्ली होती, पण रणांगणावर किल्ल्या हरवतात हे लक्षात आल्यावर ती काढून तिथे साधा खटका बसवण्यात आला. चोरीपेक्षा खोळंबा महाग, असा तो हिशेब होता.

खेड्यातल्या वाहनांनी हा हिशेब पुष्कळ काळ पाळला. आकुर्डीत बनणाऱ्या जुन्या बजाज स्कूटरला किक मारली की झाले. किल्ली लागे ती हँडल एका बाजूला वळवून कुलूपबंद करण्यापुरती. ट्रॅक्टरची गोष्ट याहून बोलकी आहे. शेतीयंत्रांत एकाच बनावटीच्या अनेक यंत्रांना एकच किल्ली लागू पडते, हा जगभरचा प्रघात आहे, आणि उसाच्या पट्ट्यात तो सर्वांना माहीत असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती कारखाना अशा साखर कारखान्यांच्या वजनकाट्याबाहेर गळीत हंगामात ट्रॉल्यांची रांग लागते, रात्र तिथेच काढावी लागते, पुढची गाडी सरकली की मागची सरकवावी लागते. अशा ठिकाणी ज्याला त्याला आपापली गुप्त किल्ली देणे म्हणजे रांग कुजवणे होय. तिथे राखण असते ती रांगेतल्या ओळखीची, आणि किल्ली तुटलीच तर शेजारच्या ट्रॅक्टरची किल्ली मागून सेल्फ मारता येतो. कुलूपशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था कच्ची म्हणावी लागेल, पण हंगामाच्या दृष्टीने तिच्याइतकी पक्की दुसरी नाही.

खऱ्या अर्थाने मोटारीची किल्ली म्हणावी अशी वस्तू मध्यमवर्गीयाच्या हाती आली ती मारुतीमुळे, म्हणजे डिसेंबर १९८३ नंतर. तिच्या कुलपात लिव्हरऐवजी पातळ पितळी पत्र्या असतात. प्रत्येक पत्रीच्या पोटात चौकोनी खिडकी असते, किल्ली त्या खिडक्यांतून आत जाते आणि तिच्या खाचा बरोबर असल्या की साऱ्या पत्र्या दंडगोलाच्या पातळीत येऊन तो फिरतो. ही रचना स्वस्त आणि धुळीत टिकणारी आहे, मात्र ती किल्ली हळूहळू झिजवते. किल्ली तुटते तीही ठरावीक जागी, म्हणजे मुठीलगतच्या पहिल्या खोल खाचेत, कारण तिथे धातू सर्वांत कमी आणि पीळ सर्वांत जास्त असतो. तुटण्याआधी बहुधा महिनोन्‌महिने किल्ली अडखळत असते, आणि मालक कुलपात खोबरेल किंवा इंजिनचे काळे तेल सोडून ते सैल करू पाहतो. त्या तेलात धूळ बसून चिखल होतो आणि पत्र्या जाम होतात. म्हणून जाणता कारागीर तेल न घालता ग्रॅफाइटची, म्हणजे शिसपेन्सिलीतल्या काळ्या द्रव्याची, कोरडी पूड वापरतो.

तुटका तुकडा कुलपातच राहिला असेल तर पहिले काम दंडगोल मूळ जागी आणण्याचे असते, कारण तो अर्धवट फिरलेला असताना पत्र्या तुकड्याला दाबून धरतात आणि कितीही ओढले तरी तो येत नाही. त्यानंतर करवतीच्या पात्याचा बारीक तुकडा, दाते बाहेरच्या बाजूला येतील अशा बेताने, खाचांच्या कडेने आत सारून तुकडा हलकेच ओढला जातो. दोन्ही तुकडे हाती आले की ते व्हाइसमध्ये एकमेकांना भिडवून धरतात आणि त्यांच्यावरून कोऱ्या किल्लीवर, म्हणजे ब्लँकवर, नव्या खाचा उतरवतात. तुटकी किल्ली झाळून वापरण्याची पद्धत पूर्वी होती, सोनाराकडून डाग देऊन आणलेल्या किल्ल्याही चालत, पण जोडाच्या जागी उंचवटा राहतो आणि ती किल्ली पुन्हा तिथेच, या खेपेस बहुधा कुलपाच्या आत, मोडते. चांगले कारागीर हे काम नाकारतात ते योग्यच आहे. नक्कल करतानाही एक अडचण असते. यंत्रावर नक्कल काढली की मूळ किल्लीची झीजही नकलेत उतरते, त्या नकलेची पुन्हा नक्कल केली की चूक दुपटीने वाढते, आणि तिसऱ्या पिढीची किल्ली दारात फिरते पण डिकीत फिरत नाही. यावर इलाज म्हणजे झिजलेल्या किल्लीवरून न जाता कारखान्याच्या मूळ मापांवर जाणे, आणि अनुभवी हात ते डोळ्यांनी करतो : खाचांच्या खोलीची मापे ठरावीक पायऱ्यांतच असतात, म्हणून झिजलेली खाच कोणत्या पायरीची असावी याचा अंदाज त्याला बांधता येतो.

किल्ली समूळ हरवली असेल तर कारागिराजवळ केवळ कुलूप उरते, आणि या धंद्यातले सर्वांत कसबी काम तिथे सुरू होते. कोरी किल्ली दिव्यावर धरून तिच्यावर काजळी चढवायची, ती कुलपात घालून किंचित पीळ द्यायचा, बाहेर काढून उजेडात पाहायची. जिथे पत्रीने अडवले असेल तिथे काजळीत केसाएवढा चट्टा उमटतो. त्याच जागी त्रिकोणी कानशीचे दोन-तीन हात मारायचे आणि पुन्हा काजळी धरायची. चट्टा उमटेनासा झाला की ती खाच पुरती झाली; एकही घासा जास्त पडला तर ब्लँक वाया. शस्त्र घासणाऱ्याचा वारसा इथे दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही, आणि हे कौशल्य कोणत्याही कागदावर न उतरता बापाकडून मुलाकडे जात राहिले.

१९९० नंतर बारामतीचे स्थान बदलले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत १९९९ च्या सुमारास इटलीच्या पिआज्जो कंपनीची तीनचाकी आपे गाडी बनू लागली आणि एप्रिल २०१२ मध्ये तिथेच व्हेस्पा स्कूटरचा कारखाना सुरू झाला. ज्या गावात वाहने बाहेरून येत होती तिथून ती देशभर जाऊ लागली. पूर्वी पुण्याच्या क्रमांकावर नोंदल्या जाणाऱ्या इथल्या गाड्यांना एमएच ४२ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. पण गाडी बारामतीत बनते म्हणून तिची किल्ली बारामतीच्या चावीवाल्याला सोपी झाली असे मात्र घडले नाही, कारण एव्हाना जगभरच किल्लीची जातकुळी बदलत होती.

या बदलाचे मूळ युरोप-अमेरिकेतल्या मोटारचोरीत आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास जनरल मोटर्सने कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विजेच्या रोधाची लहानशी गोळी बसवली होती. नव्वदीच्या दशकात तिच्या जागी चिप आली आणि १९९८ पासून युरोपीय संघाने नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे ओळख पटल्याखेरीज इंजिन चालू न देणारे यंत्र, सक्तीचे केले. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची कुपी किंवा काळी वडी असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. स्टार्टरच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते, ते सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तनांची लहर सोडते, त्याच लहरीतून चिपला शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक परत कळवते. गाडीतल्या संगणकाच्या यादीत तो क्रमांक नसेल तर खाचा कितीही अचूक असोत, इंजिन क्षणभर धरते आणि बंद पडते. पुढच्या चिपा याहून सावध निघाल्या. त्या ठरीव क्रमांक न सांगता गाडीने विचारलेल्या नव्या प्रश्नाचे गणिती उत्तर देतात. भारतात मारुतीने आयकॅट्स या नावाने ही व्यवस्था आणली आणि बघता बघता ती छोट्या गाड्यांतही आली.

तुटण्याची तऱ्हाही बदलली. आता पाते सहसा मोडत नाही, मूठ मोडते. घडीच्या किल्लीची बिजागरी ढिली होते, बटणांचे रबर फाटते, कवच उकलते. बाजारात नुसते कवच स्वस्तात मिळते आणि जुने पाते व आतला पट्टा त्यात बसवणे हे तालुक्याच्या गावी पाव तासाचे काम आहे, पण घरच्या घरी कवच बदलताना जुन्या मुठीच्या कोपऱ्यात चिकटलेली काळी वडी तशीच कचऱ्यात जाते आणि मग दार उघडते, दिवे लागतात, गाडी मात्र चालू होत नाही. नवी चिप गाडीला ओळखीची करून देण्याच्या कामाला कारागीर कोडिंग म्हणतात. डॅशबोर्डखालच्या खाचेला यंत्र जोडून गाडीच्या संगणकाच्या यादीत नवा क्रमांक घालायचा असतो. एक चालू किल्ली हाती असेल तर हे काम सोपे जाते. सर्वच किल्ल्या हरवल्या असतील तर काही गाड्यांत कंपनीकडून सांकेतिक अंक मागवावा लागतो, काहींत संगणकाची पेटी उघडावी लागते. इटलीत बनलेल्या काही व्हेस्पांना तर तपकिरी रंगाची एक मुख्य किल्ली दिलेली असे आणि ती हरवली की नियंत्रणाची पेटीच बदलण्याची वेळ येई.

यातून उभा राहिलेला वाद नवा नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कारागिराने अभेद्य समजली जाणारी चब आणि ब्रामा यांची कुलपे उघडून दाखवली, तेव्हा कुलपातले दोष उघड करावेत की झाकावेत यावर इंग्लंडात मोठी चर्चा झाली. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी लक्षावधी गाड्यांत असलेल्या एका चिपचे गणित उलगडले. २०१३ साली दुसऱ्या एका चिपवरचा शोधनिबंध इंग्लंडच्या न्यायालयाने फोक्सवॅगनच्या अर्जावरून रोखला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध होऊ शकला. रहस्य लपवून ठेवण्याने सुरक्षितता येते हा समज कारखानदारांनी दीडशे वर्षे सोडलेला नाही, आणि त्याची किंमत तालुक्याचा कारागीर मोजतो, कारण चोराला वाट सापडते पण कारागिराला अधिकृत माहिती मिळत नाही. अर्थात कंपनीच्या बाजूलाही तथ्य आहे. फिरत्या माणसाच्या हाती प्रत्येक गाडीचा क्रमांक देणे कोणालाच परवडणारे नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात या भागात दोन वाटा पडल्या आहेत. अधिकृत विक्रेत्याकडे गेल्यास नोंदणीपुस्तक, ओळखपत्र आणि किल्ली गहाळ झाल्याची पोलिसांतली नोंद मागितली जाते, चासी क्रमांकावरून कारखान्यात किल्ली कापून येते, आणि त्यात दिवस मोडतात. चावीवाल्याकडे काम त्याच दिवशी होते, खर्चही कमी येतो, पण त्याने कोणती कागदपत्रे पाहावीत हे बहुतांशी त्याच्या विवेकावर सोपवलेले आहे. चांगले कारागीर वहीत गाडीचा क्रमांक, मालकाची सही आणि ओळखपत्राची प्रत ठेवतात ती गिऱ्हाइकापेक्षा स्वतःच्या बचावासाठी. विमा कंपन्यांनी या व्यवहाराला आणखी एक पीळ दिला आहे. गाडी चोरीला गेल्यास भरपाईच्या दाव्यासोबत दोन्ही मूळ किल्ल्या जमा कराव्या लागतात, आणि एक किल्ली कमी असेल तर मालकाने ती निष्काळजीपणे गाडीतच सोडली असा संशय घेतला जातो. त्यामुळे गाडीमालक दोन्ही मूळ किल्ल्या घरच्या कपाटात ठेवतो, आणि बाहेर करून घेतलेली तिसरी किल्ली रोजच्या वापरात असते.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांनी किल्ली खिशातून काढण्याचे कारणही उरू दिलेले नाही, तरीसुद्धा त्या बटणाच्या डबीत पोलादी पाते दडवलेले असते. गाडीची बॅटरी उतरली की दार उघडायला तेच लागते. अशा पात्यांवरची खाच बाहेरच्या कडेला नसून मधोमध नागमोडी कोरलेली असते, ती कानशीने होत नाही, त्यासाठी संगणकावर चालणारे छिलाईयंत्र लागते आणि ते घेण्याइतके भांडवल फिरत्या कारागिराकडे नसते. म्हणून कोडिंगची यंत्रे बाळगणारी दुकाने पुणे आणि बारामतीसारख्या मोठ्या गावांत एकवटत आहेत, तर खेड्यातला चावीवाला मोटारसायकली, ट्रॅक्टर, कपाटे, गोदामे आणि जुन्या मोटारी यांवर तगून आहे. यांतही पोट भरण्याइतके काम आहे, कारण या दोन तालुक्यांत चिप नसलेली कुलपे चिप असलेल्यांपेक्षा अजून कितीतरी अधिक आहेत. मात्र काजळी धरून किल्ली घासायला शिकण्याइतका वेळ पुढच्या पिढीकडे नाही. ती यंत्र घेण्यासाठी कर्ज काढते, आणि त्या यंत्राला दरवर्षी नव्या गाड्यांची माहिती भरून घेण्याचे पैसे त्याच्या निर्मात्याला देत राहते.